तूरडाळीच्या तीन पुरचुंड्या

मे महिन्यात, अकोल्यात पारा ४४ च्या पुढे गेलेला असताना, आम्ही चौघं कोकणात घर शोधायला गेलो. नवऱ्याला शिक्षक भरतीत पवित्र पोर्टलवरून रत्नागिरी जिल्हा परिषद मिळाली. वर्षभर तो तिकडे एकटाच खोली करून राहिला, आणि मी दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी दोन लेकरं नि सासूबाई असा संसार ओढला. थोरली आता दुसरीत जाणार, धाकटा चार वर्षांचा. लेकरांना बाप फोनवरच दिसतो हे मला आणखी एक वर्ष नको होतं. जायचं ठरलं. फक्त गाव ठरायचं होतं. त्याची शाळा गुहागर तालुक्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर. तिथून वीस किलोमीटरच्या आत कुठंही राहिलो तरी चालणार होतं.

निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंनी (मी त्यांना आत्याबाई म्हणते) घरच्या तुरीच्या डाळीच्या तीन पुरचुंड्या बांधून माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "ज्या गावात राहाचं म्हणसान, तिथल्या पाण्यात हे शिजवून पाहाजा. शिजली तंच राहाजा."

हे कळायला आमचं गाव माहीत हवं. आम्ही खारपाणपट्ट्यातले. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलाय, जवळपास ९०० गावांचा. जमीन काळीभोर, कापूस, तूर, मूग, हरभरा. येणारा पाहुणा म्हणतो, काय शेती आहे! पण विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारं. पिकाला दिलं तर जमीनच बिघडते, म्हणून ओलिताचं नाव नाही, सगळं पावसावर. भिंतींना लोणा धरतो. साबणाला फेस येत नाही. आणि डाळ! दहा शिट्ट्या दिल्या तरी दाणा दाण्याला चिकटत नाही, शेवटी सोडा टाकायचा. आता नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, ते गोड असतं, पण येईल त्या दिवशी. उन्हाळ्यात आठ-आठ दिवस आम्ही नळाकडे पाहत बसलोय. मधल्या दिवसांत प्यायला विकतचे कॅन, बाकी सगळ्याला विहीर.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेले ते किडनीनं. शेवटची दोन वर्षं डायलिसिससाठी अकोल्याच्या चकरा. पाण्यानंच झालं असं कोण्या डॉक्टरनं लिहून दिलं नाही. पण आमच्या एका गल्लीत तेव्हा किडनीचे तीन पेशंट होते, आणि तेव्हापासून लेकरांच्या हातात विहिरीच्या पाण्याचा पेला दिसला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून लोक कोकणात जाताना समुद्र, मासे, आंबे म्हणतात, तसं माझ्या मनात काही नव्हतं. मला विहिरी पाहायच्या होत्या, आणि त्याही मे महिन्यात. पावसाळ्यात पाहिलेल्या विहिरीवर माझा विश्वास नाही.

नागपूर-मडगाव गाडीनं अकोल्याहून चिपळूण, पुढे एसटीनं गुहागर. रात्र गेली, सकाळ झाली, धाकटा प्रत्येक बोगद्यात डोळे गच्च मिटून बसला.

पहिलं गाव सड्यावरचं, शाळेचंच. नवऱ्याचा जीव त्या गावात. चिऱ्याचं घर, स्वच्छ अंगण, शाळा पाच मिनिटांवर. मी अंगणात पाय ठेवला आणि तिथंच थबकले. भिंतीला लागून निळी पिंपं ओळीनं उभी, प्रत्येकावर झाकण, झाकणावर दगड. हे मला सांगायला कुणी लागलं नाही. शेजारणीला विचारलं, टँकर कधी येतो? ती म्हणाली, "येतो चार दिवसांनी, पण सांगता नाही यायचं." रत्नागिरी जिल्ह्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे ७००-८००, आणि तरी ही पिंपं! जांभ्या दगडाच्या भेगांमधून ते सगळं पाणी झरझर उतारानं समुद्राला जातं, एप्रिल लागला की सड्यावरच्या विहिरी तळ दाखवतात. नवऱ्यानं मला हे फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटू नये म्हणून नाही सांगितलं, म्हणाला. त्या दिवशी आमचं बोलणं जरा कमीच झालं. पुरचुंडी मी सोडलीच नाही.

दुसरं गाव खाडीकाठचं. नाव घेत नाही. गाव मला आवडलं होतं. होड्या, बाजारपेठ, दवाखाना, शाळेचा पटही चांगला. कोकणातल्या कितीतरी शाळांत पाच-दहाच पोरं उरलीत, घरची माणसं मुंबईला म्हणून. इथं माझ्या पोरांना खेळायला सोबत मिळाली असती. पण घर मिळेना. एका घरमालकानं ओटीवर बसवून चहा दिला आणि गोड आवाजात सांगितलं, "तुम्ही घाटावरची माणसं. दोन वर्षांत बदली करून निघून जाल. मास्तर लोक असेच जातात." मी त्यांना सांगितलं, दादा, आम्ही घाटावरचे नाही, वऱ्हाडातले. ते म्हणाले, तेच ते. मला फार लागलं ते. त्यांच्याच पाखाडीवर सहा घरांना कुलपं होती, गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडणारी. दोन लेकरांचं घर दोन वर्षं तरी नांदलं असतं की नाही? बदलीचं ते बोलले ते खोटं नाही, विदर्भ-मराठवाड्यातले शिक्षक कोकणात लागतात आणि आंतरजिल्हा बदलीची वाट पाहतात. पण दारात लेकरं घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते असं तोंडावर सांगू नये.

त्याच गावात एका मावशींनी मात्र घर दाखवलं, आणि मी विचारायच्या आत म्हणाल्या, "बाळा, खोटं नाही बोलणार, मेमध्ये आमची विहीर मचूळ होते. खाडीचं पाणी आत येतं." त्यांच्या चुलीवर पहिली पुरचुंडी सोडली. सात शिट्ट्या. झाकण काढलं तर दाणे आमच्या घरी दिसतात तसेच, पाण्यात वेगळे वेगळे. मावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं सोड्याचा डबा पुढे केला. मला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी गुहागर. गाव समुद्राला धरून लांबच लांब पसरलेलं: एक रस्ता, रस्त्याला घरं, घरामागं नारळी-पोफळीचं आगर, आगरामागं समुद्र. खालच्या पाटात (गावाच्या एका भागाचं नाव) एका घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. घर पाहायच्या आधी लेकरांनी समुद्राकडे धाव घेतली. थोरलीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि ओरडली, "आई, आपल्या विहिरीवाणी आहे!"

तिथं वाळूत मला काही सुचेना. जवळच्यातला जवळचा समुद्र आमच्यापासून साडेचारशे किलोमीटरच्या पुढे. तालुक्याच्या नावात तेवढा दर्या. आणि माझ्या सात वर्षांच्या पोरीला समुद्राची चव आधीच माहीत होती. मग तिनं विचारलं, आपली पूर्णा इथं येते का? मी म्हटलं, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, तापी सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते, समुद्र सगळीकडे एकच. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

मग आगरातून घराकडे. मी पावलं मोजत होते. लाटेपासून विहिरीपर्यंत दोनशे तीस. चिऱ्यांनी बांधलेली गोल विहीर, काठाला नेचे, शेजारी दगडी डोण, पोफळींच्या सावलीत सगळं ओलं आणि थंड. घरमालकीण काकू म्हणाल्या, "या हो, बसा. उन्हातून आलात, पाणी देत्ये." आणि त्यांनी विहिरीतून कळशी ओढली. फिल्टर नाही, कॅन नाही, कळशीतून सरळ पेल्यात. थोरलीनं दोन्ही हात तोंडावर धरले. विहिरीचं पाणी प्यायचं नाही हे मीच तिला दटावून दटावून शिकवलेलं. काकूंना वाटलं पोर लाजते. मी आधी प्यायले. काय सांगू! गार, हलकं, जिभेला कशाचीच बोच नाही. मग मी मान हलवली तेव्हा तिनं एक घोट घेतला, थांबली, पूर्ण पेला संपवला आणि म्हणाली:

"आई, इथं विहिरीत नळाचं पाणी आहे!"

काकू हसल्या. मला हसता आलं नाही. माझ्या लेकीला गोड पाणी म्हणजे नळाचं पाणी. विहिरीला गोड पाणी असतं हे तिला सात वर्षांत ठाऊकच नव्हतं.

काकांनी समजावून सांगितलं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. हावरेपणानं उपसलं की खालचं खारं वर चढतं. म्हणून त्यांच्याकडे आगराच्या शिंपण्याला पंप सकाळी थोडा वेळच लागतो आणि विहीर खोल करायचं नाव कुणी काढत नाही. मी त्यांना आमच्या पट्ट्याचं सांगितलं. आमचं मीठ नदीनं आणलेल्या त्या गाळातच आहे; पाऊस कमी, ऊन फार, पाण्याचा निचरा नाही, त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत. पूर्णाकाठी एके काळी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत. काका म्हणाले, "म्हणजे समुद्र तुमच्याकडेच की हो."

दुसरी पुरचुंडी काकूंच्या स्वयंपाकघरात सोडली. तीन शिट्ट्या. कुकर उघडला तर डाळ नव्हतीच, पिवळं लोणी होतं. डाव फिरवायचीही गरज नाही. काकूंनी वर हिंग-जिऱ्याची फोडणी दिली, आणि धाकटा, ज्यानं दोन दिवस मासळीच्या वासानं नाक धरून काही खाल्लं नव्हतं, तो दोन वेळा वरण-भात मागून जेवला. मी तोंड फिरवून परसात गेले. मामाजींना शेवटी शेवटी डॉक्टरनं पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. दिवसाला मोजके पेले, आणि त्यातही चव पाहून ते तोंड वाकडं करायचे.

घर तिथंच घेतलं. काळज्या मिटल्या असं मुळीच नाही. चिऱ्यांच्या सांदीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं, रात्री बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही. विहिरीला कठडा आहे पण माझ्या धाकट्याच्या छातीएवढाच. काकांनी वर जाळी बसवायचं कबूल केलंय, आणि ती बसल्याशिवाय मी सामान हलवणार नाही. समुद्र तर दारातच. ग्रामीण रुग्णालय आहे, पण लेकरांच्या डॉक्टरसाठी चिपळूण, ४५ किलोमीटर. तिकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आमच्या विदर्भातल्या महिनाअखेरीस, म्हणजे थोरलीची सुट्टी दोन आठवड्यांनी कापली गेली. ती अजून रुसलेली आहे. नवऱ्याला रोज सोळा किलोमीटर जाणं-येणं, आणि पावसाळ्यात तो घाट मला आताच डोळ्यांपुढे येतो.

आणि आत्याबाई. "मी नाही येत वं," असं त्यांनी जाण्याआधीच सांगितलं होतं. शेत आहे, म्हैस आहे, मामाजींचा फोटो आहे. परतताना मी काकूंच्या विहिरीचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून गाडीत मांडीशी धरून आणलं. पहाटे गावी पोचलो. आत्याबाई ओट्यावरच बसल्या होत्या. मी पेला भरून दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, पुन्हा एक घेतला.

"मायबाई, हे तं फिक्कं लागते वं," त्या म्हणाल्या. "याले काही चवच नाही."

तिसरी पुरचुंडी माझ्या पिशवीत तशीच होती. ती त्यांनी मागून घेतली, उरलेलं पाणी गंजात ओतलं आणि डाळ शिजायला ठेवली.