आमची वाटचाल: फरार दरोडेखोरांचा चित्रपट

आमच्या निर्मिती संस्थेची सुरुवात कंपन्यांच्या प्रशिक्षणपटांपासून झाली. त्या कामावर कॅमेरा आला, दिवे आले आणि मुख्य म्हणजे टिकून राहणारी माणसं मिळाली. कथापट करायचा हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. तो बँक लुटून पळालेल्यांचा असावा, यावरही आमचं लगेच एकमत झालं.

दरोडा दाखवायला पैसा लागतो. दरोड्यानंतरची भीती चांगले नट दाखवू शकतात. बँकेचा सेट, गर्दीतली माणसं, खोट्या काडतुसांच्या बंदुका आणि त्या सांभाळणारा जाणकार, एवढं वगळलं की उरतात तिघं जण, एक गाडी आणि नोटांची पिशवी. १९५० च्या 'गन क्रेझी' या अमेरिकी चित्रपटात तर दरोड्याचा अख्खा प्रसंग गाडीच्या मागच्या सीटवरून एकाच शॉटमध्ये टिपलाय, कॅमेरा बँकेत जातच नाही. आमची संहितासुद्धा गाडीतच सुरू होते.

रात्रीच्या प्रवासात आमची गाडी जागची हललेली नाही. दोघं बंपर दाबून तिला हिसके द्यायचे, बाकीचे हातात दिवे घेऊन काचांजवळून पळायचे. बाहेर मिट्ट काळोख, त्यामुळे रस्ता दिसण्याचा प्रश्नच नव्हता. चाकांचे आणि सायरनचे आवाज नंतर भरले.

पण माझ्या मते चित्रपट उभा राहिला तो एका डागावर. काही देशांत बँका नोटांच्या गड्डीत रंगाची पुडी दडवून ठेवतात. चोर बाहेर पडला की ती फुटते, नोटांवर आणि हातांवर लाल रंग उडतो आणि तो सहजासहजी जात नाही. आमच्या धाकट्या दरोडेखोराच्या उजव्या हातावर तो डाग आहे. घासून घासून तो फिका होत जातो, नखांच्या कडांना मात्र शेवटपर्यंत राहतो. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. लपायच्या खोलीतले सगळे प्रसंग आम्ही सलग उरकले. म्हणून मेकअप करणाऱ्या ताईंनी प्रत्येक प्रसंगासाठी त्या हाताचा फोटो काढून वहीत चिकटवला होता. शॉटच्या आधी वही उघडायची, बोटं जुळवायची, मगच कॅमेरा सुरू. किती दिवस उलटले हे सांगणारं एकही वाक्य संवादात नाही, ते प्रेक्षकाला हातावरूनच कळतं. इतक्या निगुतीने केलेलं काम मी क्वचितच पाहिलंय.

वितरकाने कोणताही मोठा चेहरा नसताना चित्रपट घेतला आणि घातलेला पैसा परत आला. आता पुढची संहिता लिहून होत आलीय, पाठलाग करणाऱ्यांच्या बाजूची. चमू तोच आहे.