म्युनिकची पुरणपोळी आणि माझ्या चार मुठी

लेक म्युनिकला गेल्यापासून दर सणाला मी काही ना काही पाठवत आले. २०२५ च्या पाडव्याआधी मात्र तिचा फोन आला, "आई, या वेळी पाठवू नकोस, शिकव. पुरणाचा सगळा स्वयंपाक माझा मी करणार."

तरी मार्चच्या सुरुवातीला ओळखीतली एक मुलगी तिकडे निघाली होती, तिच्या बॅगेत थोडी जागा मिळाली. युरोपात बाहेरून दूधदुभत्याचं काही नेता येत नाही, म्हणजे साजूक तूप बाद. ताजा पालाही दाखल्याशिवाय चालत नाही, म्हणून कडुलिंबाची डहाळी नाही आणि आंब्याची पानंही नाहीत. कडुलिंब मी सावलीत वाळवून पूड केली. तोरण कापडाचं शिवलं. साखरेच्या गाठी, नाशिकच्या तांबट लेनमधून घेतलेला छोटा तांब्या आणि सासूबाईंचं पितळी पुरणयंत्र, एवढं गेलं. यंत्र देताना मला भरून आलं होतं. चाळीस वर्षं ते आमच्या पंचवटीच्या घराबाहेर गेलं नव्हतं.

मग लेकीने विचारलं, "डाळ किती घेऊ?" मी म्हटलं, चार मुठी. "कुणाच्या मुठी, आई?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. मला जे येतं ते सगळं हातात आहे, आणि हात काही बॅगेत घालता येत नाही. दुसऱ्या दिवशी मेनरोडवरून काट्याऐवजी आकडे दाखवणारा छोटा वजनकाटा आणला. पंधरा दिवसांत दोनदा पुरण घातलं आणि प्रत्येक वेळी हात थांबवून वजन केलं. माझ्या चार मुठी म्हणजे २०० ग्रॅम हरभराडाळ. गूळ तेवढाच. वेलदोडे सहा, जायफळ पाव. कणकेला पाणी किती, तेल किती, सगळं वहीत उतरवलं. मोजता आली नाही ती एकच खूण, तीही लिहिली: पुरणात उलथणं उभं राहिलं पाहिजे.

तिचा पहिला प्रयत्न फसला. डाळ दोन तास उकळूनही आत कणी राहिली, यंत्राचा दांडा फिरेना. विचारत गेले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. म्युनिकचं पाणी जड आहे, त्यात चुना जास्त, आणि अशा पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही. शिवाय घाईघाईत तिने गूळ आधीच घातला होता. एकदा गूळ पडला की अर्धवट शिजलेली डाळ तशीच राहते, मग कितीही उकळा. पुढच्या वेळी डाळ रात्रभर भिजवली, फिल्टरच्या भांड्यातलं पाणी वापरलं आणि डाळ बोटांनी चिरडली जाईपर्यंत गुळाला हात लावला नाही. पुरण लोण्यासारखं निघालं.

पिठाचंही तसंच. तिथल्या पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा जितका कमी तितकं पीठ पांढरं. आम्ही ४०५ चं पीठ आणि भारतीय दुकानातला आटा निम्मे निम्मे घेतले. तुपाचा शोध मात्र तिचा. तिथे आंबवलेल्या सायीचं लोणी वेगळं मिळतं, आपल्या विरजणाच्या लोण्याच्या जवळचं. तिने त्याच्या २५० ग्रॅमच्या दोन वड्या मंद आचेवर कढवल्या आणि म्हणाली, "आई, घरभर तुझ्या स्वयंपाकघराचा वास आलाय."

पाडवा ३० मार्चला, रविवारी होता. तिकडे रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी रात्री ८ च्या आत सगळं आणून ठेवायचं. तेही झालं. वेळेचा घोळ मात्र झालाच. ती सकाळी सातला उठून फोन करणार होती, म्हणजे आपले साडेअकरा, असं मी धरून चालले. गुढी उभारली आणि निवांत काळारामाच्या दर्शनाला गेले. रांगेत असतानाच साडेदहाला फोन वाजला. नेमक्या त्याच पहाटे तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली होती. दर्शन अर्धवट सोडलं नाही, पण त्यानंतर रिक्षाने घर गाठलं.

पहिल्या दोन पोळ्या फाटल्या. मी इकडे पोळपाटावर माझी पोळी लाटत होते, फोन डब्याला टेकवून. "मध्ये जोर देऊ नकोस बाळा, कडेने लाट. तांदळाची पिठी घे थोडी." तिसरी टम्म फुगली. दोघी काही बोललो नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

दहापैकी आठ पोळ्या धड निघाल्या. डाळीच्या कटाची आमटी तिने माझ्या काळ्या मसाल्यात केली. खालच्या मजल्यावरच्या आजींना आणि ऑफिसातल्या दोघांना जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी कडुलिंबाची पूड गुळात कालवून प्रत्येकाच्या हातावर ठेवली. आजींनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि पुन्हा हात पुढे केला, असं लेक सांगत होती. लेकीच्या खिडकीतली गुढी मी फोनवर पाहिली: लाकडी काठी, माझी जुनी हिरवी साडी, वर नाशिकचा तांब्या.

मी ताटावर बसले तेव्हा तीन वाजून गेले होते. तेवढ्यात तिचा मेसेज आला, "आई, दिवाळीला अनारसे. आजपासून वजनं लिहायला घे."