आडोसा

परसात सुतार बोलावून खुराडे करून घ्यावे, वर मंगळुरी कौले चढवावीत, दाराला पितळी कडी लावावी, आणि कोंबडीने अंडे घालावे ते अबोलीच्या वाफ्यात. नाहीतर सरपणाच्या ढिगामागे. यात तिचा हट्ट नसतो. अंडे घालताना तिला अर्धा-पाऊण तास एकटीने, काळोखात, कुणाच्या नजरेस न पडता बसायचे असते. खुराड्यात तेवढा आडोसा नसेल तर ती तो बाहेर शोधते. आडोसा ठेवला तर बहुतेक वेळा घरीच राहते.

तो आडोसा म्हणजे एक खोके. गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची, तिला १२ इंच रुंद, तेवढेच खोल आणि तेवढेच उंच पुरते. वनराजा किंवा गिरिराजा या सुधारित जाती थोराड, त्यांना १४ इंच द्या. ऐसपैस खोके करण्याचा मोह टाळावा. मोठ्या खोक्यात दोघी शिरतात, ढकलाढकलीत एक अंडे तडकते, एकीची चोच त्यात बुडते आणि चव कळते. अंडी खायची ही खोड एकदा जडली की सोडवणे फार कठीण.

चार-पाच कोंबड्यांमागे एक खोके, म्हणजे सहा जणींना दोन. तिसऱ्यात सुताराचा फायदा. गावात तीन न्हावी असले तरी रविवारी सकाळी एकाच्याच बाकावर गर्दी असते. इथेही दोन खोकी शेजारी-शेजारी, अगदी सारखी, तरी एकापुढे रांग आणि दुसरे मोकळे. त्याचे फार मनावर घेऊ नये. फक्त लाडक्या खोक्यातली अंडी वेळेवर उचलावीत.

दोन खणांचे खोके बारा मिलिमीटर प्लायवुडच्या अर्ध्या शीटमध्ये, म्हणजे ४ बाय ४ फुटांत बसते. पाठ मात्र खुराड्याच्या भिंतीनेच द्यायची. तळ साडेपंचवीस इंच बाय १२. तीन उभ्या फळ्या, प्रत्येकी पुढून १२ आणि मागून २४ इंच उंच, वरून तिरक्या कापलेल्या. त्यातल्या दोन एकमेकींना उलट्या लावून आखल्या तर १२ बाय ३६ च्या तुकड्यात निघतात. छप्पर साडेपंचवीस बाय १७, आणि पुढे ४ इंचांचा उंबरठा. छपराची ही ४५ अंशांची उतरण पाहून सुतार हमखास विचारतो की एवढी कशाला. सपाट छपरावर कोंबडी रात्रभर बसते आणि सकाळी ते खरवडावे लागते, म्हणून. उंबरठ्यामुळे पेंढा आणि अंडी आत राहतात.

प्लायवुड मात्र मरीन घ्यावे, साध्याचे पापुद्रे एका पावसाळ्यात सुटतात. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेसचे किंवा पितळेचे, कारण गोव्याच्या खाऱ्या वाऱ्याला लोखंड पुरे पडत नाही. एवढा खर्च नको असेल तर रंगाची २० लिटरची रिकामी बादली घासूनपुसून आडवी बांधावी. झाकणाचा खालचा तिसरा हिस्सा ठेवून बाकी कापला की उंबरठा तयार. मागे चार भोके पाडावीत आणि सावलीत ठेवावी. मे महिन्यात उन्हातल्या प्लास्टिकमध्ये कोंबडी बसणार नाही.

आता उंची, आणि नव्या खुराड्यांची बहुतेक रड इथलीच. कोंबडी रात्री सर्वांत उंच जागी झोपते. खोके मोरीच्या शेल्फासारखे वर टांगले की ती त्यातच झोपणार आणि झोपेत घाण करणार. म्हणून खोक्याचा तळ जमिनीपासून दीड फुटावर, आणि झोपायची दांडी तीन फुटांवर. दांडीला पोफळीची फाळ छान, कडा तेवढ्या गोल करून घ्याव्यात. प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा धरावी. खोक्याच्या तोंडासमोर सहा इंचांवर एक छोटी दांडी हवी, उडी मारून आधी तिथे टेकायला. तोंडावर गोणपाटाचा अर्धा पडदा सोडला की काळोख होतो. पहिले काही दिवस पडदा एका बाजूला खोचून ठेवावा, नाहीतर तिला ती भिंतच वाटते.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि खोक्याचा खरा वैरी तोच. अंडी बाहेरून काढायची सोय हवी म्हणून लोक छपरालाच बिजागरी लावतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या फटीतून पाणी थेट पेंढ्यावर. झडप मागच्या भिंतीला, खाली उघडणारी ठेवावी. वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली की झाले. खोक्यांची बाजू नैऋत्येच्या झडीकडे नको.

पेंढा म्हणजे वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, एप्रिलमध्ये कापणीनंतर कडकडीत वाळवलेला. मिरची, कांदे, सुकी मासळी यांच्यासोबत त्याचेही पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करून ठेवावे, जमिनीपासून वर, पोत्यात. तीन-चार इंचांचा थर पुरतो. ओला पेंढा चार दिवसांत बुरसतो, आणि त्या बुरशीची पूड श्वासात गेली की कोंबड्यांच्या फुफ्फुसांना रोग धरतो. काथ्या फुकट मिळतो म्हणून घालू नये, लांब धागे पायाला गुंडाळतात आणि पोटातही अडकतात. फळ्यांच्या फटींत दिवसा दडून रात्री रक्त पिणाऱ्या तांबड्या किडी असतात. दर पेंढाबदलाला फटींत चुना भरला की त्यांना लपायला जागा राहत नाही.

जाळीबद्दल एक सांगायला हवे. षट्कोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, धामणीला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावावी. मोठ्या भोकांतून शिरलेली धामण अंडी गिळून फुगते, परत निघता येत नाही, आणि सकाळी झडप उघडणाऱ्याचा हात तिच्यावर पडतो.

कवच पातळ निघू लागले तर दोष खोक्याचा नसतो. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जाते. तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांतल्या मासळीचे, सुके करून झाले की शिंपल्या भाजून, भरड कुटून वेगळ्या करवंटीत ठेवाव्यात. खाद्यात मिसळू नयेत, जिला हवे ती खाते.

तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. खोकी त्याआधी दोन-तीन आठवडे बसवून आत लाकडी अंडे किंवा गोल्फचा चेंडू ठेवावा. इथे कुणीतरी घालून गेले आहे, असे वाटले की त्याही तिथेच बसतात. खुडूक कोंबडी २१ दिवस खोके अडवते, तिला वेगळ्या टोपलीखाली हलवावे. कोंबडा असेल तर उन्हाळ्यात अंडी दुपारी आणि संध्याकाळी अशी दोनदा उचलावीत, उष्म्याने आत जीव धरू लागतो. अंडी धुऊ मात्र नयेत, वरचे पातळ आवरण गेले की ती लवकर बिघडतात. माखलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसावे.

आणि तलंगांना खोक्यातच झोपायची सवय लागत असेल तर दोन आठवडे दिवेलागणीला तोंडावर फळी लावायची, पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू ऐकू यायच्या आत काढायची. काढायला उशीर झाला तर अबोलीचा वाफा आहेच.