आमची वाटचाल : दोरीच्या मापापासून सीएनसीपर्यंत

आमची आरा मशीन बल्लारपूरची. आलापल्लीकडच्या जंगलातला साग इथल्या डेपोत उतरतो आणि आमच्या तीन पिढ्यांची चूल त्याच सागावर पेटलेली आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी निघालेल्या सागाची मिरवणूक याच गावातून गेली. त्या दिवशी आम्ही मशीन बंद ठेवली आणि सगळे कामगार रस्त्यावर उभे राहिलो.

आजोबा ओंडक्याचा घेर दोरीने घेत. घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. हे पावघेराचं माप आमच्या धंद्यात आजही चालतं. १२० सेंमी घेराचा आणि ३ मीटर लांबीचा नग या हिशेबाने ०.२७ घनमीटर, म्हणजे साडेनऊ घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात ०.३४ घनमीटरच्या वर लाकूड असतं. सुमारे साडेएकवीस टक्क्यांचा हा फरक म्हणजे ओंडका चौकोनी करताना बाजूने जाणारा भाग, असं जुने लोक सांगत. बाबांना हे सारं तोंडपाठ. डेपोत नगासमोर उभे राहिले की पाच सेकंदांत घनफूट सांगायचे.

मी धंद्यात आलो आणि पहिलं काम केलं ते एका जुन्या संगणकावर हा हिशेब चढवण्याचं. प्रत्येक नगाचा नंबर, घेर, लांबी, भाव, आणि समोर त्यातून चिरून काय उतरलं ते. वर्षभराने आकडे समोर मांडले तेव्हा घरात सगळेच गप्प झाले. आमची गळती खरेदीत नव्हती, चिराईत होती. ओंडका बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या पातळ करवतीवर फोडायचो, पण पुढे चौकटीचे तुकडे गोल पात्यावर पाडायचो. तिथे एकेका कापाला चार-पाच मिलिमीटर सागाचा भुसा व्हायचा. ते काम पातळ पात्यावर आणलं आणि कापायच्या आधी कागदावर आखणी सुरू केली.

पुढचा धडा महागात पडला. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला आम्ही पावसाळ्यात दारं करून दिली. सहा महिन्यांनी फोटो आला. प्रत्येक पॅनेलच्या कडेने पॉलिश न लागलेली फिकट रेघ उघडी पडली होती. लाकूड ओलं होतं, एसीच्या खोलीत आकसलं आणि खोबणीत लपलेली कड बाहेर आली. चूक सर्वस्वी आमची होती. सगळी दारं आम्ही बदलून दिली.

त्यानंतर ओलावामापक घेतला. दोन सुया लाकडात रोवायच्या. ओल्या लाकडातून वीज सहज जाते, कोरड्यातून अडखळत, आणि त्यावरून यंत्र टक्केवारी सांगतं. मात्र यंत्रावर लाकडाची जात निवडावी लागते, नाहीतर आकडा फसवतो. साधारण तीस टक्क्यांच्या खाली ओलावा उतरला की लाकूड आकसायला लागतं. तेही सगळीकडून सारखं नाही : वाढीच्या वलयांच्या अंगाने जास्त, त्रिज्येच्या (गाभ्याकडून सालीकडे) अंगाने साधारण निम्मं. हे कळल्यावर पॅनेलसाठी कुठली फळी आणि चौकटीसाठी कुठली, हे आम्ही नव्याने ठरवायला शिकलो. पुढे छोटी सुकवणी भट्टी बांधली. तिच्यातली उष्णता आणि दमटपणा आता मोबाइलवर दिसतो, त्यामुळे रात्री दोनदा उठून जावं लागत नाही.

कर्ज काढून सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारं यंत्र, आणला तेव्हा आमच्या मिस्त्रीकाकांनी दोन दिवस जेवणाचा डबा उघडला नाही. चाळीस वर्षं त्यांच्या पटाशीने नक्षी कोरली होती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, याला रेषा दिसते का?" नाही दिसत. सॉफ्टवेअर फळीकडे कोरा चौकोन म्हणून बघतं. गाठ कुठे आहे, सालीजवळचं कच्चं पांढरं लाकूड किती आलंय, लाकडाच्या तंतूंची रेषा कुठे वळते, हे त्याला सांगावं लागतं. आज काका पडद्याशेजारी बसतात आणि फळीवर खडूने खुणा करतात. त्यांच्या खुणांप्रमाणे आमची पोरगी नक्षी फिरवून बसवते. त्यांच्या खुणेशिवाय एकही फळी मशीनवर चढत नाही.

लाकूड वाहतुकीच्या परवान्याचं कामही बदललं. २९ डिसेंबर २०२३ पासून राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली देशभर सुरू झाली. हैदराबादला माल पाठवताना राज्याची हद्द ओलांडायची असते, तिथे याचा मोठा उपयोग होतो. लिलावही आता ऑनलाइन. बोली घरबसल्या लागते, हे लहान धंदेवाल्याला फार बरं. पण यादीत लांबी, घेर आणि प्रत कळते, आतलं कळत नाही. एकदा मी नग न बघताच बोली लावली. चिरायला घेतला तेव्हा तिसऱ्या कापाला गाभ्यातली पोकळी उघडी पडली.

युरोपातल्या मोठ्या गिरण्या अख्खा ओंडका सीटी स्कॅनरमधून नेतात आणि गाठी, चिरा, पोकळी आधीच बघून काप ठरवतात. आमच्यासारख्याला ते एकट्याने परवडणार नाही. पण चार-पाच गिरण्यांनी मिळून एखादं साधं तपासणी यंत्र घ्यावं, यासाठी मी गावातल्या प्रत्येकाशी बोलतोय. तोवर बोलीच्या आदल्या दिवशी काकांना घेऊन डेपोत जातो. ते नगाच्या तोंडावर हातोडीचा बोथट घाव घालतात, आत पोकळ आहे का ते ऐकायला कान टेकवतात, आणि मी मोबाइलमध्ये त्या नंबरापुढे खूण करतो.