मान दुखतेय म्हणून सायकल बदलताय? आधी हँडल बघा

खडकवासल्याला जाऊन आलं की मान आखडते, खांदे भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्क्रीनसमोर बसलं की तेच दुखणं परत डोकं वर काढतं. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचं हे रडगाणं आहे आणि त्यावर एकजण तरी छातीठोकपणे सांगतोच, "एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक घे, पुढे शॉकअप असतात!" अरे पण शॉकअपने खड्ड्याचा दणका कमी होईल, बसायची ढब थोडीच बदलणारे?

रोड बाइकवर, म्हणजे खाली वळलेल्या हँडलच्या वेगवान सायकलवर, अंग जेवढं खाली वाकतं तेवढी समोरचं बघायला मान वर उचलावी लागते, आणि ती तासन् तास तशीच धरायची. त्यात हँडल लांब असलं की हात ताणले जातात, कोपरं ताठ होतात, मग प्रत्येक स्पीडब्रेकर थेट खांद्यात. सीटचं नाक खाली झुकलं असेल तरी अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. हेल्मेटचा व्हायझर डोळ्यांवर आला तरी मान अजून वर, हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून सायकल घेताना नुसता प्रकार बघू नका, स्टॅक (फ्रेमची पुढची उंची) आणि रीच (फ्रेमची पुढची लांबी) हे दोन आकडे बघा. स्टॅक जास्त आणि रीच कमी म्हणजे हँडल उंच आणि जवळ. लांब पल्ल्यासाठीची एंड्युरन्स रोड बाइक रेसवाल्या बाइकपेक्षा मानेला बरी पडते ती यामुळेच. हायब्रिडचं, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधल्या सायकलचं, हँडल सरळ असतं पण ते उंच असेलच असं नाही, काही हायब्रिड चांगल्या लांबलचक असतात, शिवाय हात ठेवायला जागा एकच, रोड बाइकच्या ड्रॉप बारवर निदान पकड बदलता येते. आणि दूधवाल्यांची ती काळी ताठ सायकल? मान एकदम खूश, पण सगळा भार बुडाखाली, समोरून वारा आला की संपलंच, आणि बोपदेव घाटात तर नावच काढू नका.

मी स्वतः हायब्रिडच घेईन, छोटा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा दांडा), ३५ मिमीचे टायर, हँडलला बार एंड (पकड बदलायला टोकांना लावायची छोटी शिंगं), आणि सॅक पाठीवर न घेता कॅरियरला.

पण आहे त्या सायकलीवर आधी स्वस्तातला प्रयोग करा ना. १०० मिमीचा स्टेम काढून ७० चा टाकला तर हँडल ३ सेंटीमीटर जवळ येतं, खाली कललेला कोनवाला स्टेम नुसता उलटा लावला तरी थोडं वर येतं, तेही फुकटात. जुन्या सायकलींचं हँडल तर खुंटीसकट (फ्रेममध्ये शिरणारा स्टेमचा दांडा) वर घेता येतं, फक्त खुंटीवर मर्यादेची खूण असते ती बाहेर दिसू देऊ नका. बोटांना मुंग्या येत असतील किंवा हात बधिर होत असेल तर मात्र हे सगळं राहू दे, आधी डॉक्टर.

आणि हो, दुकानदार म्हणेल गल्लीतून एक चक्कर मारून या. गल्लीत कुठलीही सायकल भारीच वाटते, मान बोलायला लागते अर्ध्या तासाने, त्यामुळे मित्राची मागा, भाड्याने घ्या, पण तेवढा वेळ चालवल्याशिवाय पैसे देऊ नका.