गाठ कुणाची?

येळवशीनंतरच्या, म्हणजे आमच्याकडच्या वेळा अमावस्येनंतरच्या, पहिल्या गुरुवारी मावशी पहिल्यांदाच वॉकर न घेता आमच्या विभागात आल्या, आणि माझं तिकडं लक्षच गेलं नाही. त्यांनी काखेतलं गाठोडं माझ्या टेबलावर टाकलं. मागं त्यांची धाकटी जाऊ, तोंडाला पदर लावून.

"ह्यातला एक बी टाका माझा न्हाई," मावशी म्हणाल्या. "फायलीत काय लिवलंय ते खोडा."

मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. मावशी रेणापूरकडच्या एका खेड्यातल्या, पंचेचाळिशीच्या. २०२३ च्या पावसाळ्यात जुलाब झाले, थांबले, आणि दोनेक आठवड्यांनी पायाला मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी उठता येईना, पाचव्या दिवशी हात गेले, मग श्वास. गुलियन-बारे सिंड्रोम. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात एकदम रुग्ण सापडले तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. त्याआधी मावशींच्या गावात कुणी ते ऐकलेलं नव्हतं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उठते. पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन हे प्रतिपिंडांचं औषध, महिनाभर व्हेंटिलेटर. त्यापायी दोन एकर गहाण पडलं, ते अजून सुटलेलं नाही.

या आजारात ताकद परत येताना साधारण खांद्याकडून बोटांकडं येते. बाई बसते, उभी राहते, चालते, डोक्यावर पदर घेते. ब्लाऊजचं हूक मात्र लागत नाही. आमच्याकडं एक पाटी असते. नऊ खुंट्या नऊ भोकांत घालायच्या आणि परत काढायच्या. धडधाकट माणसाला वीसेक सेकंद पुरतात. मावशींना सव्वादोन मिनिटं लागली, दोन खुंट्या खाली पडल्या, आणि त्या रुसल्या. "लेकराचं खेळणं मला कशाला देता?"

मग काय देऊ, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, सुई.

मावशी गोधड्या शिवायच्या. विकायला नाही. आवड. गल्लीत बाळंतीण आली की मावशींचं दुपटं गेलंच म्हणून समजा. जुनी लुगडी, धोतरं धुऊन थरावर थर अंथरायचे, कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन घेत मधोमध यायचं. दुखणं आलं तेव्हा एक गोधडी अर्धवट राहिली होती, ती सासूबाईंच्या लुगड्याची. सव्वा वर्ष ती माळवदाच्या खोलीत गुंडाळून पडलेली.

नस किती दिवसांत भरून येते, हे त्यांनी एकदा विचारलं होतं. नसेचा आतला धागाच तुटला असेल तर तो साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढतो, असं मी सांगितलं. मिलिमीटर म्हणजे केवढा, तेही पट्टीवर दाखवलं. मावशींनी थोडा विचार केला. "आमचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. मंजी चार दिसाला एक टाका." कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या अंतराला आपण हात म्हणतो. टाक्यांच्या हिशेबानं तो कधी संपेल, हे त्यांनी मनातल्या मनात मोजलं असणार, कारण पुढं त्यांनी कधीच तारीख विचारली नाही.

तर मी सुई दिली. मोठ्या नेढ्याची, जाड, बोटाला अंगुस्तान. दिवसाला २० मिनिटं, जास्त नाही. या आजारात दमेपर्यंत काम केलं की उलट मागं पडायला होतं. पंधरा दिवसांतून एकदाच एसटीनं यायच्या, म्हणून जावेनं मोबाईलवर फोटो पाठवायचे ठरलं. पहिल्या फोटोत टाके कुठं बोटभर, कुठं नखाएवढे, रांग बैलानं मुतल्यासारखी. दिवाळीनंतर मात्र रांगा सरळ व्हायला लागल्या. मी स्क्रीनवर पट्टी लावून पाहिलं. फाईलमध्ये "लक्षणीय सुधारणा" असं तीनदा लिहिलं. विभागातल्या सरांना फोटो दाखवून मिरवलं सुद्धा.

झालं असं होतं. शिवून झालेली बाजू गुंडाळून बांधलेली असायची, त्यामुळं मावशींना समोरची एकच पट्टी दिसे. येळवशीच्या आवराआवरीत ती गुंडाळी सुटली आणि सगळं काम उजेडात आलं.

"मला बगवंना, मॅडम," जाऊ म्हणाली. "वाकड्या टाक्यावर हात फिरवत रडत बसायच्या. मग रातच्याला त्या निजल्या की मी उसवायचे आन परत घालायचे."

मावशींनी गोधडी उलगडून दोऱ्याची टोकं दाखवली. "ह्या गाठी बगा. मला गाठ मारता येती का?"

मी गप्प. ज्या बोटांना हूक लागत नाही, ती एका दोऱ्याची गाठ कुठून मारणार? मावशींचे दोरे सुटेच असत, टोकं बाहेर लोंबत. फोटोत गाठी स्वच्छ दिसत होत्या. मी टाके मोजत बसले, आणि सुधारणा दिसतेय या आनंदात गाठी पाहिल्याच नाहीत. खुंट्यांची पाटी तर मी त्या फोटोंच्या भरात दोन खेपांना घेतलीच नव्हती.

त्या दिवशी घेतली. एक मिनिट अठ्ठेचाळीस. म्हणजे हात सुधारत होताच, फक्त फोटोतल्या वेगानं नाही. मग समोर बसवून गोधडीवर २० मिनिटं शिवायला लावलं. अकरा टाके. लहानातला लहान ९ मिलिमीटर, मोठ्यातला मोठा २१. दोनदा सुई निसटली. जावेचा हात आपसूक पुढं आला तेव्हा मावशींनी तिच्याकडं नुसतं पाहिलं.

मी लाल पेनानं तिन्ही नोंदी खोडल्या, खाली सही केली आणि हे अकरा लिहिले. जावेचे टाके उसवायचे का, असं मी विचारलं.

"कशाला?" मावशी म्हणाल्या. "तिनं बी रातीचं जागून घातल्यात. ऱ्हाऊ द्या. पन आता तिनं दोरा ओवून द्यायचा, तेवढंच."

गुढीपाडव्याच्या सुमारास मोबाईलवर एक फोटो आला. त्यात टाके नव्हते. अगदी जवळून काढलेली, थोडी हललेली एक गाठ होती, चांगली हरभऱ्याएवढी.

मी लगेच फोन लावला. जावेनं उचलला. मी म्हटलं, "गाठ कुणाची?"

"आईशप्पत मॅडम, मी हात बी लावला न्हाई!"