नांदूरमधमेश्वरपासून पाटाच्या कडेने

पौष, रविवार, रात्री

गोदावरीच्या डाव्या कालव्याच्या कडेने ३० किलोमीटर धावण्याचा बेत आज एकदाचा तडीस गेला. पोटऱ्या ताठल्या आहेत आणि उद्या कामावर जायचे आहे, तरीही झोपण्यापूर्वी हे लिहून ठेवते आहे, कारण ही वाट पायांना जे सांगते ते अंगदुखी ओसरली की विसरायला होते.

एरवीचा माझा सराव नाशिकजवळच्या मखमलाबादच्या अंगाने जाणाऱ्या गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याकडेला होतो. ते धरण १९६५ चे, म्हणजे तसे अलीकडचे. नांदूरमधमेश्वरचा कालवा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी दख्खन होरपळल्यानंतर इंग्रज सरकारने १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला, आणि पुढच्या काळात अवर्षणग्रस्त मुलखासाठी जी कामे उभी राहिली त्यांत गोदावरीचे हे दोन कालवे येतात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी दगडी बंधारा आहे. पाणी साठवून ठेवणे हे त्याचे मूळ काम नव्हे. नदीची पातळी कालव्याच्या तोंडापर्यंत उचलून देणे, एवढेच त्याने करायचे. साठवण वर इगतपुरी तालुक्यात, १९१६ मध्ये पूर्ण झालेल्या दारणा धरणात आहे. तिथून सोडलेले पाणी दारणेच्या पात्रातून गोदावरीत येते, बंधाऱ्याशी थांबते आणि दोन्ही काठांनी कालव्यांत वळते. डावा कालवा सुमारे ९० किलोमीटर जाऊन निफाड, येवला आणि कोपरगावची शेते भिजवतो. उजवा सुमारे ११० किलोमीटरचा असून सिन्नरकडून कोपरगाव, राहात्याकडे जातो.

पहाटे बंधाऱ्यापाशी पोहोचलो तेव्हा निफाडच्या थंडीने आपला लौकिक राखला होता. राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दर हिवाळ्यात का येतो, हे तिथे हातमोजे काढून बुटांची नाडी बांधताना कळते. द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर उठत होता. घडांना थंडी बाधू नये म्हणून बागाईतदार रात्र जागून काढतात. शंभर वर्षांत बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणी, बेटे आणि पाणगवत तयार झाले आणि त्यावर पक्ष्यांनी वस्ती केली. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झाले. सिंचनाच्या दृष्टीने जो गाळ म्हणजे नुकसान, तोच इथे वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचा आणि जांभळ्या पाणकोंबड्यांचा आधार झाला आहे. पक्षी पाहत थांबावे असे फार वाटत होते, पण अंग गार पडण्याआधी निघणे भाग होते. मैत्रीण स्कूटीवर पाणी आणि गुळाचे खडे घेऊन मागे राहणार होती.

इंग्लंडमध्ये कालव्यांच्या कडेने शेकडो मैल धावणारे लोक आहेत. बर्मिंगहॅम ते लंडन अशी ग्रँड युनियन कालव्याकाठची १४५ मैलांची शर्यत त्या मंडळींत प्रसिद्ध आहे. तिकडची काठावरची वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी बांधली गेली. आपल्याकडची वाट कालव्याच्या देखरेखीसाठी आहे. ती पाणी वाटून देणाऱ्या पाटकऱ्याची, गाळ काढणाऱ्यांची आणि फुटलेला भराव बुजवायला येणाऱ्या ट्रॅक्टरची वाट असल्यामुळे कुठे मुरमाची घट्ट पट्टी लागते, कुठे काळ्या मातीच्या भेगांत पाऊल अडकते, आणि बाभळीखालून जाताना बुटाच्या तळव्यात शिरलेला काटा तळव्यातच अडकला आहे की आत पायापर्यंत पोहोचला आहे, हे थांबून पाहावेच लागते.

आज मला सर्वांत अधिक काही कळले असेल तर ते उताराबद्दल. मातीच्या कालव्याला उतार फार दिला तर वेगाने तळ आणि काठ खरवडले जातात, आणि फारच कमी दिला तर गाळ बसतो व शेवाळ माजते. म्हणून मैलाला फूटभर किंवा त्याच्या आसपास उतार राखत कालवा न्यायचा असतो. या हिशेबाने मी तीस किलोमीटरमध्ये जेमतेम दुमजली घराच्या उंचीइतकी खाली उतरले असेन. तेवढा उतार राखण्यासाठी कालवा जमिनीच्या समपातळीला धरून वळणे घेतो. ओहोळ आडवा आला तर त्याच्या उगमाकडे आत शिरून पुन्हा बाहेर येतो, आणि तसे करणे परवडत नाही तिथेच दगडी मोरी बांधून ओहोळाला खालून वाट दिलेली असते. समोर हाकेच्या अंतरावर दिसणारे देऊळ दोन वळणांनंतरही उजवीकडे तेवढेच दूर राहते. पहिल्या तासात याचा मला वैताग आला, हे खरे आहे. पुढे मात्र त्या वळणांमागचा हिशेब दिसू लागला आणि लेव्हल-दुर्बीण खांद्यावर घेऊन हाच मुलूख पायी मोजत गेलेल्या माणसांविषयी मनापासून आदर वाटला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची नोकरी १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, नाशिकलाच सुरू झाली होती. हा कालवा त्यांच्या हातचा नव्हे, पण त्यांच्या पिढीने आखणीला जी शिस्त लावली ती अशा वाटेवर पायांना जाणवते.

सपाटीवर धावणे सोपे असते, असे समजणाऱ्यांनी एकदा पाटाकडेला यावे. चढावर मांडीचे स्नायू राबतात आणि उतारावर त्यांना निराळे काम मिळते. इथे तोच सांधा त्याच कोनात हजारो वेळा वाकतो, विसाव्याचे कारणच मिळत नाही. विसाव्या किलोमीटरपाशी डाव्या खुब्यातून कळ येऊ लागली. तेव्हा दर दोन किलोमीटरला मिनिटभर चालायचे असे ठरवले आणि शेवटपर्यंत ते पाळले.

अशाच एका चालण्याच्या टप्प्यात कालव्यातून शेतांकडे फुटणाऱ्या एका चारीच्या तोंडाशी पाटकरी काका भेटले. रब्बीचे आवर्तन, म्हणजे पाळीने सोडलेले पाणी, सुरू होते. ते वाकून लोखंडी गेटचा स्क्रू फिरवत होते. आट्यांत जुने काळे ग्रीस दाटलेले होते, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक पाते करकरत बोटभर उचलले जाऊन खालून मातकट पाण्याची जीभ चारीत सरकत होती.

"ताई, शर्यत आहे का कुठली?" त्यांनी विचारले.

"नाही काका, सहज धावतेय. कालवा बघायचा होता."

"मग शेपटाकडं जा. इथं सगळ्यांनाच पाणी दिसतं."

एवढे बोलून ते पुन्हा स्क्रूकडे वळले. शेपूट म्हणजे कालव्याचे शेवटचे टोक. त्यांचे म्हणणे मला पुढचा तासभर पुरले. तोंडाशी ऊस आणि द्राक्षे होती. जसजशी खाली गेले तसतसा कांदा, गहू आणि हरभरा वाढत गेला. पिकांच्या निवडीत पाण्याच्या भरवशाखेरीज माती, भाव आणि घरची माणसे हेही असते, म्हणून एका दिवसाच्या पाहण्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही. तरी शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचावे यासाठी आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात, वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या आणि वाटपाची जबाबदारी स्वतःकडे घेतली, हे मला फार मोलाचे वाटते.

अस्तरीकरणाचाही विचार पाठ सोडत नाही. जुन्या मातीच्या कालव्यातून पुष्कळ पाणी झिरपते आणि शेपूट कोरडे राहते, म्हणून काँक्रीट करावे, हे म्हणणे रास्त आहे. पण त्याच पाझरावर काठच्या विहिरी आणि आज मला सावली देणारी कडुनिंब-करंजाची झाडे जगली आहेत, आणि काँक्रीट झाल्यावर आपली विहीर आटेल ही काठच्या शेतकऱ्याची भीतीही खोटी नाही. माझे मत विचाराल तर जिथे भराव उंच आहे आणि गळती उघड दिसते तिथे आधी अस्तर करावे, आणि बाकीच्या भागांत विहिरींची पातळी नीट मोजून मगच हात घालावा. कसेही केले तरी काठाची वाट मोकळी राहिली पाहिजे. वाटच बुजली तर गळती कोणाला दिसणार?

कविता राऊत यांनी २०१० च्या आशियाई स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवल्यापासून नाशिक जिल्ह्यात रस्त्याने धावणारी बाई पाहून लोक पूर्वीइतके थबकत नाहीत. आज वाटेत कपडे धुणाऱ्या बायकांनी नुसती मान हलवून जागा दिली, याचे मला समाधान आहे.

उन्हाळी आवर्तनात उजव्या कालव्याने सिन्नरच्या बाजूने जायचे आहे. त्या वेळी भर उन्हाआधी परतावे लागेल, म्हणून अंतर निम्मे ठेवायचे, आणि आरंभ तोंडाकडून न करता काका म्हणाले तसा शेपटाकडून करायचा.